जुनं: ठिकाण, नवं: ठिकाण

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या माझ्या पक्षीनोंदींच्या तिन्ही टेबलांना आता एकच ट्रिगर फंक्शन (नोंद बदलली की आपोआप चालून जुनं-नवं टिपून ठेवणारा कोड) पुरेल. पुरलं, पण त्याआधी चार रात्री खाल्ल्या.

रविवारी नागपूरच्या अंबाझरी तलावावरून आलो, फुटाळ्याची एक चुकलेली नोंद दुरुस्त केली आणि बदलांचं टेबल उघडलं. जुनं: ठिकाण. नवं: ठिकाण. खालच्या ओळीतही तेच. फुटाळा नाही, गोरेवाडा नाही, सगळीकडे नुसतं कॉलमचं नाव!

ट्रिगरमध्ये मी लिहिलं होतं: एक्झिक्यूट फंक्शन बदल_टिपा(ठिकाण). वाटलं, रोमधली, म्हणजे बदललेल्या ओळीतली, व्हॅल्यू आत जाईल. पोस्टग्रेसनेही एरर न देता मुकाट ऐकून घेतलं. शेवटी पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसची कमांड-लाइन) बॅकस्लॅश-डी, म्हणजे टेबलाची रचना दाखवणारी कमांड, मारलं, तर समोर बदल_टिपा('ठिकाण'). ती अवतरणचिन्हं मी टाकलीच नव्हती! तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. क्रिएट ट्रिगरमधलं आर्ग्युमेंट म्हणजे निव्वळ मजकूर. उघडं नाव द्या नाहीतर आकडा द्या, त्याची स्ट्रिंगच होते. ट्रिगर बनतानाच ती पक्की होते, रो तर नंतर येते. फंक्शनचा स्वतःचा कंस रिकामाच ठेवायचा आणि आलेलं टीजी_एआरजीव्ही या ॲरेमधून (आर्ग्युमेंटांच्या यादीतून) उचलायचं.

मग त्या मजकुरालाच कॉलमचं नाव म्हणून कामाला लावलं: टू_जेसनबी(न्यू) ->> टीजी_एआरजीव्ही[0], म्हणजे नव्या रोचं जेसन करून त्यातून त्या नावाची व्हॅल्यू काढायची; ओल्डला, म्हणजे जुन्या रोलाही, तसंच. आधी सवयीने [1] लिहिलं, कारण पोस्टग्रेसचे ॲरे एरवी 1 पासून. हा 0 पासून, आणि चुकलात तर गुपचूप नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू. जुनं: फुटाळा, नवं: अंबाझरी असं दिसलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. ओरडलोच. आतून भाऊ म्हणाला, "झोप न बे आता!"

खिडक्या-बटणांची टूलं ज्याला लखलाभ. मला ते बॅकस्लॅश-डी पुरे.

आता दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये नोंद करणाऱ्याचं नाव द्यावं म्हणतो, मी की भाचा ते कळेल... थांबा, लिहिता लिहिताच ट्यूब पेटली. तेही पक्कं होऊन बसेल आणि भाच्याचे सगळे बदल माझ्या नावावर चढतील! म्हणजे ते सेट_कॉन्फिगने सेशनमध्ये (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीत) ठेवायचं आणि फंक्शनात करंट_सेटिंगने वाचायचं. करंट_सेटिंगला दुसरं आर्ग्युमेंट ट्रू दिलं की सेटिंग नसलं तरी एरर येत नाही.

ट्रिगरच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटच्या जागेवर मग फोटोंच्या टेबलाचा दुसरा कॉलम जाईल. टीजी_एनएआरजीएसवर (आर्ग्युमेंट किती आली तो आकडा) लूप लावायचं काम शनिवारी.