तिथीची पाऊणपट

‘तुमची दोन्ही मुलं एवढी हूड, त्यांना घेऊन दर रविवारी बाहेर कसे हो पडता? आणि नेता तरी कुठे?’ शाळेच्या फाटकाशी, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की एकदा बसून नीट उत्तर लिहावं असं वाटलं. विचारणाऱ्या बहुतेक आया असतात आणि त्यांच्या आवाजातला थकवा मला चांगला ओळखू येतो.

आधी उत्तर सांगते. आम्ही नवीन ठिकाणी जातच नाही. ठरलेल्या चार जागा आहेत, त्यांतही सर्वांत जास्त वेळा नवी मुंबईतल्या ऐरोलीची खाडी. तीन वर्षांत तिथे किती वेळा गेलो, याची मोजदाद सोडून दिली आहे.

सुरुवात अशी झाली नव्हती. थोरला साडेचारचा होता, धाकटी नुकती पाऊल टाकायला लागलेली. तेव्हा माझा समज असा की दमदार मुलांना सतत काहीतरी नवं दाखवावं लागतं, म्हणजे ती गुंतून राहतात. शनिवारी रात्री मी मोबाईलवर जागा शोधत बसायची. एका रविवारी एका मॉलमधल्या खेळाच्या दालनात गेलो. तासाचं तिकीट, डोळे दिपवणारे दिवे, कानठळ्या बसतील असं संगीत. तास संपला आणि मुलाला बाहेर काढताना जे सुरू झालं ते स्टेशनच्या जिन्यापर्यंत थांबलं नाही. जिन्यातच तो आडवा पडला. येणारी-जाणारी माणसं वळून बघत होती. मी त्याला मारलं. आजही ते आठवलं की हात जड होतो.

त्या रात्री आजोबांनी त्याला जवळ घेऊन विचारलं, ‘आज काय काय बघितलंस रे?’ तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘लाईट.’ एवढंच. सबंध दिवस, एवढे पैसे, एवढं रडणं, आणि लेकराच्या पदरात पडलं काय, तर लाईट.

पुढच्या रविवारी ह्यांची ड्यूटी होती आणि मला लांब कुठे जायची ताकद नव्हती. रिक्षा केली आणि दोघांना दिवा कोळीवाड्याच्या बाजूला खाडीवर घेऊन गेले. ओहोटी होती. नुसता चिखल. मला वाटलं, पाच मिनिटांत कंटाळतील. तेवढ्यात थोरला ओरडला, ‘आई, मासा चालतोय!’ तिथे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, ‘निवटी हाय ती, बाला.’ निवटी पाण्याबाहेरही राहते. अंग ओलं असेल तोवर कातडीतून आणि तोंडात धरलेल्या पाण्या-हवेतून श्वास घेते आणि पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून उड्या मारते. थोरला पोटावर झोपून अर्धा तास बघत होता. ज्या मुलाबद्दल ‘दोन मिनिटं एका जागी बसत नाही’ असं मला बालवाडीतून सांगितलं होतं, तोच हा मुलगा. त्यानंतरच्या शनिवारी त्याने आपणहून विचारलं, ‘उद्या ती निवटी तिथेच असेल?’

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. मॉलमधून परतल्यावर त्याच्याकडे विचारण्यासारखं काहीच नव्हतं. इथे एक धागा हातात आला होता आणि तो धागा धरून आम्ही परत गेलो. मग परत. अनोळखी जागी मूल आधी सगळीकडे धावतं, कारण काय कुठे आहे तेच त्याला ठाऊक नसतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याची धाव कमी होते आणि नजर खाली जाते. मी तज्ज्ञ नाही, पण माझ्या दोन्ही मुलांच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता खाडीबद्दल थोडं विस्ताराने, कारण तुमच्यापैकी बरेच जण तिथून रोज गाडीने जाता आणि उतरत नाही. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. ऐरोलीला वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून हंगामात बोट सुटते. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, साधारण नोव्हेंबरपासून येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. ते गुलाबी का असतात, हे मी मुलांना पहिल्याच वर्षी सांगितलं. त्यांच्या खाण्यात शेवाळ आणि बारीक जीव असतात, त्यांतला रंग पिसांत उतरतो. पिल्लं करडीच जन्मतात. हे ऐकून धाकटीने आठवडाभर फक्त बीट खाल्लं आणि रोज सकाळी आरशात बघितलं. रोहित चोच उलटी करून पाण्यात फिरवतो, म्हणून दोघंही पायांमधून डोकं खाली घालून जेवायचा प्रयत्न करतात. करू देते. अंगातली रग जिरते आणि पक्ष्याची मान अशी का वळते ते कायमचं कळतं.

काठावरच्या तिवराचं पान चाटून बघा, खारट लागतं. तिवर मुळांतून खारं पाणी घेतो आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. खाली चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी जी टोकं वर आलेली दिसतात, ती त्याची श्वास घेणारी मुळं. त्यांच्यावर पाय द्यायचा नाही आणि चिखलात उतरायचं नाही, हे दोन नियम आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत आणि त्यांत सवलत नाही. चिखल कुठे गुडघाभर आणि कुठे कंबरभर आहे ते वरून कळत नाही. काठावरूनही पुष्कळ दिसतं. एकच डेंगा भलामोठा असलेले छोटे खेकडे बिळाच्या तोंडाशी उभं राहून तो डेंगा हलवतात. ते नर असतात, मादीला बोलावतात. धाकटी त्यांना उलट टाटा करते.

वेळेचं गणित मात्र पाळावं लागतं. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, पूर्ण ओहोटीला पक्षी फार लांब जातात. भरतीची वेळ काढायची जुनी रीत मला त्याच काकूंनी शिकवली: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि त्या दिवसांत उधाण, पाणी खूप चढतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. आमच्या खाडीत आतवर पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तेवढा धरायचा. ही ढोबळ रीत आहे. बोटीने जायचं तर केंद्राने दिलेली वेळच बघावी. पण काठावर फिरणाऱ्यांना ती पुरते. शाळेत पाव, अर्धा, पाऊण शिकवायच्या आधीच थोरल्याला पाऊणकी यायला लागली, कारण तिच्यावर त्याचा रविवार ठरतो. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी शोधणं हे आता त्याचं काम आहे.

काम देणं ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. उत्साही मुलाच्या हातात काम नसेल तर ते स्वतः शोधतं, आणि ते आपल्याला परवडत नाही. थोरल्याकडे तिकिटं असतात. पाच वर्षांचा झाल्यावर रेल्वेत त्याचं पहिलं अर्धं तिकीट काढलं, ते त्याने कंपासपेटीत ठेवलंय. धाकटी अजून पाचच्या आत, तिला तिकीट नाही, याचं तिला वाईट वाटतं. म्हणून डबा तिच्या पाठीवर. डब्यात तूप-साखर लावलेल्या पोळीच्या गुंडाळ्या, उकडलेलं रताळं, दाणे-गूळ, केळी. बाहेर वाट्टेल ते मिळतं, पण भूक लागल्यावर दुकान शोधण्यात जी पंधरा मिनिटं जातात, तेवढ्यात सगळा दिवस बिघडतो. आम्ही सकाळी निघतो आणि मुलं ताजी असतानाच परत फिरतो. ‘अजून थोडं’ म्हणत असतील तीच निघायची वेळ. हे मला शिकायला फार वेळ लागला. पैसे वसूल व्हावेत म्हणून मी त्यांना थकेपर्यंत फिरवायची आणि मग थकल्याबद्दल त्यांनाच रागवायची.

दुसरी जागा येऊर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच तो ठाण्याकडचा भाग. तिथे पहिली वीस मिनिटं मी काहीही दाखवत नाही, चढावर नुसतं चालू देते. फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा लाल होतात, एप्रिलमध्ये सावरीची बोंडं फुटून कापूस उडतो, मे महिन्यात करवंदं. एकच झाड वर्षभर बघितलं तर मुलांना ऋतू वेगळे शिकवावे लागत नाहीत. उजेड असतानाच खाली यायचं, कारण तो बिबट्यांचा मुलूख आहे, आणि मुलांना हे न घाबरवता सांगता येतं: संध्याकाळी ते त्यांचं घर असतं. 2024 मध्ये पावसाच्या शेवटी कारवी फुलली, जांभळे डोंगर. कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. थोरला तेव्हा सहा वर्षांचा. पुढचा फुलोरा 2032 मध्ये, तेव्हा तो चौदाचा असेल. चौदाव्या वर्षी तो माझ्याबरोबर येईल की नाही हे मनात येतं आणि मी त्याचा हात जरा घट्ट धरते.

तिसरी तलावपाळी, पावसाळ्यातली. ठाण्याच्या मासुंदा तलावाला एक फेरी, कौपिनेश्वराचं दर्शन, गरम कणीस. धबधब्याच्या मागे मी लागत नाही. खारघरच्या पांडवकड्याला पावसाळ्यात बंदी असते ती उगाच नाही, तिथे माणसं वाहून गेली आहेत. लहान मुलं घेऊन तिथे चोरवाटेने जाणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. कृपा करून जाऊ नका.

चौथी जागा म्हणजे गाडीच. मुलांना पोचण्यापेक्षा जाणं आवडतं, हे मान्य केलं की खर्च निम्मा होतो. नेरूळहून उरणला लोकल जाते. खारकोपरपर्यंत 2018 मध्ये सुरू झाली होती, उरणपर्यंत जानेवारी 2024 मध्ये पोचली. रविवारी सकाळी खिडकी मिळते. पाणथळ, डोंगर, बंदराकडचे कंटेनर, सगळं बसल्या जागी. उरणला उतरून आम्ही वडापाव खातो आणि पुढची गाडी पकडतो. गाड्या पाठोपाठ नसतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. ठाण्याहून गाडीत बसलो की थोरल्याला 16 एप्रिल 1853 ची गोष्ट हवी असते: बोरीबंदरहून ठाण्यापर्यंतची ती पहिली गाडी, चौतीस किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी. धाकटी दर वेळी विचारते, तोफा वाजल्यावर लहान मुलं रडली का. मला माहीत नाही. दर वेळी आम्ही दोघी त्यावर थोडा विचार करतो.

नेरूळचं वंडर्स पार्क, खारघरचं सेंट्रल पार्क, ह्याही चांगल्या जागा आहेत. छोट्या आगगाडीत माझी मुलंही आनंदाने बसली आहेत. वाढदिवसाला जातो. दर रविवारी मात्र तिथली गर्दी आम्हा चौघांनाही सोसत नाही.

‘पण तेच तेच बघून मुलं कंटाळत नाहीत का?’ हा पुढचा प्रश्न. कंटाळतात कधी कधी. मागच्या हिवाळ्यात थोरला म्हणाला, आज मला काहीच नवीन दिसत नाहीये. मीही काही सुचवलं नाही. तो दगडावर बसला, बराच वेळ खडे फेकले, मग गप्प झाला. थोड्या वेळाने येऊन म्हणाला, ‘आई, पाणी आता ह्या दगडापर्यंत होतं, ते खाली गेलं.’ सरकणारं पाणी त्याने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः पाहिलं होतं. मी सांगितलेलं तर त्याने शंभरदा ऐकलं होतं.

येत्या रविवारी दशमी आहे. दहा गुणिले पाऊण, साडेसात. थोरल्याने कालनिर्णयावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय. आम्ही नऊला निघू, दहापर्यंत चिखल उघडा पडायला लागेल. यायचं असेल तर मुलांच्या पायांत जुन्या चपला घाला आणि पाणी जास्त घ्या. डब्यात पोळीच्या गुंडाळ्या मी चार जास्तीच्या करते.