एका जागी बसून कॉर्नवॉल काढता येत नाही

लँडस्केपची आपली सवय ठरलेली. स्पॉट धरायचा, बोर्ड मांडीवर घ्यायचा, सावल्या सरकायच्या आत चित्र संपवायचं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्जच्या बंदरात ती लवकरच मोडते. उधाणाला भरती-ओहोटीत पाच मीटरहून जास्त फरक पडतो. सकाळी तरंगणाऱ्या होड्या दुपारी वाळूवर कलंडलेल्या असतात.

इथेच जन्मलेला अमूर्त चित्रकार पीटर लॅन्यन (१९१८–१९६४) एक कोन धरून बसतच नसे. त्याचं 'पोर्थलेव्हन' (१९५१) हे त्याच नावाच्या बंदराच्या गावाचं चित्र सुमारे आठ फूट उंच आणि चार फूट रुंद आहे. बंदराचा आतला-बाहेरचा भाग आणि घड्याळाचा मनोरा त्यात वेगवेगळ्या बाजूंनी एकत्र येतात. खाणींच्या गावावरच्या 'सेंट जस्ट' या चित्रातला (१९५३) उभा काळा पट्टा म्हणजे खाणीचं विवर. जवळच्या लेव्हंट खाणीत १९१९ मध्ये अपघातात ३१ माणसं दगावली होती. इथला निसर्ग जमिनीखालीही आहे.

रंगवण्याआधी तो काच आणि पर्स्पेक्सच्या (पारदर्शक अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकच्या) तुकड्यांची रचना उभारी. करून बघायचं तर काच नको, दोन मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक शीट घ्या. किनारा, माथा, गल्ली अशा पाच-सहा ठिकाणांहून पाच-पाच मिनिटांची रेखाटनं करा. तळहाताएवढ्या प्रत्येक तुकड्यावर एकाच रेखाटनातली मुख्य रेघ उतरवा. तुकडे दोन-तीन सेंटिमीटर अंतराने उभे करा आणि भोवती फिरून बघा. रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे चित्र आहे. मात्र रंगवताना रचना नजरेआड ठेवा, नाहीतर प्लास्टिकचं स्टिल लाइफ, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र, होतं. ही चूक हमखास होते.

हार्डबोर्डवर काम करणार असाल तर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) पाठीलाही लावा. एकाच बाजूला लावलं की इथल्या दमट हवेत बोर्ड वाकतो. समुद्रावरून धुकं आलं की जलरंगाचा वॉश (पातळ रंगाचा थर) वाळतच नाही; बाहेर पेन्सिल आणि ऑइल पेस्टल पुरे.

१९५९ पासून लॅन्यन ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवू लागला. 'थर्मल'मध्ये (१९६०) वर चढणारी, डोळ्यांना न दिसणारी हवाच विषय झाली. १९६४ मध्ये ग्लायडरच्याच अपघातानंतर तो गेला. आपल्याला उंचीसाठी सेंट आइव्ह्जहून झेनर गावाकडे जाणारी डबलडेकर बस चालेल. उन्हाळ्यात वरचा मजला उघडा असतो. डावीकडे माळरान, उजवीकडे समुद्र. वही मात्र रबरबँडने बांधलेली असू द्या, वारा पानं ठेवत नाही.