आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि कॅशलेसची क्वेरी

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन साधारण दीड-दोन तासांत होतं. त्याला विमा कंपनीची कॅशलेस मंजुरी (म्हणजे बिल कंपनीच थेट हॉस्पिटलला देते) मिळवण्यात माझे किती तास गेले ते मी मोजलेलं नाही, आणि मोजणारही नाही.

ऑपरेशनआधीची तपासणी सरळ पार पडली. रक्त, लघवी, ईसीजी, टू-डी इको, छातीचा एक्स-रे, भूलतज्ज्ञांची फिटनेस. आईला साखर आहे, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी बघून डॉक्टरांनी तारीख दिली. दाताच्या डॉक्टरांकडे आधी पाठवलं, कारण दातात किंवा लघवीत कुठे जंतुसंसर्ग असला तर तो नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. हे सगळं पुण्यात, हॉस्पिटलच्या जवळच झालं. आई साताऱ्याहून येऊन माझ्याकडेच राहिली होती.

मग मी टीपीए डेस्कवर गेले. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था. तळमजल्यावर, कॅश काउंटरच्या शेजारी, काचेमागे एक मुलगा, दोन कॉम्प्युटर आणि फायलींचा ढीग. कोणी खुर्चीजवळ आलं की तो मान वर न करताच विचारायचा, "पेशंटचं नाव?" प्री-ऑथचा, म्हणजे आधी मंजुरी मागण्याचा फॉर्म भरला, पॉलिसी, आधार, डॉक्टरांचा कागद, रिपोर्ट दिले. ऑपरेशन ठरलेलं असलं की हे कागद ॲडमिट व्हायच्या दोन-तीन दिवस आधीच पाठवतात. आम्हीही तसंच केलं आणि मी निर्धास्त घरी आले.

दुसऱ्या दिवशी फोन. "मॅडम, क्वेरी आलीये."

क्वेरी म्हणजे कंपनीचा प्रश्न. तो काय, तर गुडघा किती वर्षांपासून दुखतोय? ओपीडीच्या कागदावर ज्युनिअर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'दोन्ही गुडघे दुखतात, दहा वर्षांपासून.' त्यांनी आईला विचारलं होतं, कधीपासून दुखतंय, आणि आई म्हणाली होती, "झाली असतील की दहा वर्षं." आपल्याकडे कुठल्याही दुखण्याला असंच उत्तर देतात. पण पॉलिसी २०१७ सालची, आणि ऑपरेशन २०२५ मध्ये. कंपनीच्या हिशेबात दुखणं पॉलिसीच्या आधीचं, आणि आम्ही ते लपवलं!

त्यात आणखी एक गोची. २०२३ मध्ये आम्ही पॉलिसी पोर्ट करून दुसऱ्या कंपनीकडे नेली होती. पोर्ट करताना वेटिंग पिरियडची (क्लेम मिळण्याआधी थांबायची) आधी काढलेली वर्षं सोबत येतात, म्हणूनच तर पोर्ट केली. पण टीपीएच्या स्क्रीनवर 'सुरुवात २०२३' एवढंच. सांधा बदलण्याला बहुतेक पॉलिसींत दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, आणि त्यांच्या लेखी आमची वर्षं पुरी झालीच नव्हती.

म्हणजे हवं होतं काय? २०१७ पासूनच्या सगळ्या पॉलिसींच्या प्रती आणि सर्जनचं पत्र, की हा त्रास पहिल्यांदा कधी दाखवला. जुन्या पॉलिसी ईमेलमध्ये सापडल्या. पत्रासाठी मात्र सर्जन दिवसभर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये. त्यांच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "सर बाहेर आले की देतील." सर बाहेर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. बिचाऱ्यांनी लगेच लिहिलं, आईचा २०२१ चा पहिला एक्स-रे बघून. ते पाठवलं. परत क्वेरी: पत्रावर तारीख नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही. सर परत ओटीत.

तोपर्यंत ॲडमिशनचा दिवस उजाडला होता. आईला फक्त पाणी चाललं होतं, तेही ऑपरेशनआधी दोन तासांपर्यंतच. रात्रीपासून पोटात अन्न नाही. ती कॉटवर बसून मला विचारतेय, "अगं, झालं का?" आणि खाली तो मुलगा म्हणतोय, "डिपॉझिट भरून ॲडमिट करा ना, अप्रूव्हल आलं की रिफंड होईल." मी भरलं. क्रेडिट कार्डावर. दुसरा इलाज काय होता?

विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे, कॅशलेसवर एका तासात निर्णय द्यायचा. मला तो तोंडपाठ झालाय. पण व्यवहारात क्वेरी निघाली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग मी टीपीएचा नाद सोडून विमा कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला. लिहिलं की पॉलिसी २०१७ पासून सलग आहे, साठ महिन्यांचा मोरॅटोरियम कधीच उलटलाय, त्यानंतर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. सोबत सगळ्या प्रती. खाली लिहिलं, उत्तर न आल्यास विमा नियामकाच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर आणि नंतर विमा लोकपालांकडे जाईन. दुपारी, आई रिकव्हरीत असताना, मंजुरी आली. टीपीएच्या मुलाने मलाच सांगितलं, "मॅडम, तुमचं झालं बघा." जणू त्यानेच केलं!

तर ओपीडीचा कागद हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा. कधीपासून दुखतंय ते आठवून, जुने कागद बघून सांगा. खोटं सांगू नका, पण 'असतील की' असंही नको.

आणि हो, खोली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल तर त्याहून महागडी खोली घेऊ नका. फरक फक्त भाड्यात पडत नाही, डॉक्टरांची फी आणि ओटी चार्जेसही त्याच प्रमाणात कापतात.

मंगळसूत्र, बांगड्या, कवळी घरीच उतरवून ठेवा. नखांचं पॉलिश काढा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. वॉकर आणि कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा, आणि व्यायाम ऑपरेशनआधीच शिकवायला लावा, नंतर दुखताना शिकणं जड जातं.

डिस्चार्जला तीन तासांत मंजुरी द्यायचा नियम आहे, आमची संध्याकाळ झाली. हातमोजे, मास्क वगैरेचे पैसे खिशातूनच गेले. इम्प्लांटच्या (बसवलेल्या नव्या सांध्याच्या) पाकिटावरचं स्टिकर फाइलमध्ये लागलंय का ते बघा, नाहीतर त्यावरही क्वेरी. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांच्या पावत्या नंतर वेगळ्या क्लेम करता येतात, पॉलिसीत दिलेल्या दिवसांत. फिजिओथेरपीच्या पावतीसोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, नुसती पावती चालत नाही.