आजींची पितळी चौकट

अकरा वर्षं मी घरी कापडी पर्स शिवते आहे. जुन्या साडीला कातर लावताना मात्र आजही हात थबकतो. नवं कापड बिघडलं तर बाजारातून परत आणता येतं, तिथं ती सोय नसते.

गेल्या श्रावणात एक ताई त्यांच्या आजेसासूबाईंना घेऊन आल्या. आजी सोलापूरच्या, वय ८६. त्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढून माझ्यापुढे ठेवल्या. एक काळी इरकल, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची. आणि एका जुन्या पर्सची पितळी चौकट, वर दोन गोळ्यांचा खटका असलेली. त्या पर्सचं रेक्झिन पोपडे धरून कधीच गळून गेलं होतं. चौकट आजींनी जपली होती. म्हणाल्या, "हिला ह्या लुगड्याचं अंग शिव."

हल्ली रविवार पेठेत मिळतात त्या चौकटींना आतून खाच असते. खाचेत डिंक भरायचा, कापड दाबून बसवायचं, झालं. ह्या चौकटीला कडेनं बारीक भोकं होती, म्हणजे एकेका भोकातून हातानं शिवायचं. रुंदी सव्वासात इंच, माझ्याकडचा एकही कागदी नमुना जुळेना. मग चौकटच कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखली, बिजागरीची जागा खूण केली आणि तिथून खाली दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच घेर सोडला. बाजूची टीप बिजागरीच्या थोडी खालीच थांबवायची असते. ती वर गेली तर पर्स पुरती उघडतच नाही.

पदर पुढच्या बाजूला घ्यायचा ठरलं. लाल रेशीम, मध्ये पांढरे पट्टे. इरकलीचा पदर अंगाबरोबर सलग विणलेला नसतो. अंगाचा ताणा म्हणजे उभे धागे वेगळे आणि पदराचा रेशमी ताणा वेगळा, दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवून पुढे विणतात. त्याला तोप-तेनी म्हणतात. तो जोड मला कमजोर वाटला, म्हणून मी तो वगळून आखणी केली होती. आजींनी खडूच्या रेघेवर बोट ठेवलं. "जोड मधोमध घे. इरकल त्याच्यावरनंच वळखत्यात." त्यांचंच बरोबर होतं. मी रेघ पुसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पदराच्या तुकड्याला मागून फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर लावलं. इस्त्री मध्यम आचेवर होती. उचलून बघते तर घडीच्या रेघेवर करंगळीएवढी चीर! पासष्ट वर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम तिथं आधीच मोडत आलेलं होतं, उष्णतेनं ते पुरतं गेलं. आधी एखाद्या चिंधीवर करून बघायला हवं होतं, ते मी केलं नाही. चूक सर्वस्वी माझी. पोटात खड्डा पडला.

फोन करून खरं ते सांगितलं. तासाभरात आजी स्वतः आल्या, ताईंच्या हाताला धरून जिना चढून. चीर नीट न्याहाळली आणि विचारलं, "कापून उरलेली पट्टी हाय का?" होती. त्यांनी तिच्या कडेचा एकेक लाल धागा सुईच्या टोकानं सोडवायला सुरुवात केली. बाजारातला धागा रंगाला कितीही जुळला तरी त्याची चकाकी वेगळी पडते, हा धागा त्याच विणीतला. पण तोही म्हाताराच, वीतभर निघाला की तुटायचा. मी मेणावरून ओढून त्याला थोडं बळ दिलं आणि बारीक सुईनं रफू करत गेले, आधी उभे धागे, मग एक वर एक खाली. आजी धागे काढत होत्या, मी भरत होते. दोघींपैकी कुणी फारसं बोललं नाही. उजेड कमी झाला तेव्हा ताईंनी दिवा लावला.

रफूमागे मलमल घेतली आणि ती हातानं धावदोऱ्यानं बसवली. फ्यूजिंग पुन्हा नाही. मलमलीच्या आत जाड कॅनव्हास, त्याच्या आत सुती अस्तर. पर्सचे बंद शिवले ते कॅनव्हासला. जुन्या रेशमानं फक्त दिसायचं, ओझं मागच्या कापडानं पेलायचं. ही रीत मी त्या दिवसापासून एकदाही मोडलेली नाही.

चौकट बसवायला आणखी दोन दिवस लागले. मधल्या भोकापासून सुरुवात करून दोन्हीकडे उलटी टीप घालत बिजागरीपर्यंत यायचं, म्हणजे कापड एका बाजूला ओढलं जात नाही. काम संपलं आणि खटका लावून पाहिला. टक्क!

आजी न्यायला आल्या. पर्स उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग चष्मा वर सारून कडेवरून बोट फिरवत गेल्या आणि उजव्या बिजागरीशी थांबल्या.

"हितलं एक भोक ऱ्हायलं की गं."

खरंच राहिलं होतं. मी सुई ओवली, तिथं टाका घातला, गाठ अस्तराच्या आत सरकवली. मगच त्यांनी पर्स ताब्यात घेतली आणि कमरेचा बटवा सोडून त्यातली चिल्लर तिच्यात ओतली.