५५ इंची टीव्ही भिंतीवर – फ्लाय अ‍ॅशची वीट अन् बाहेर ओढायचं ब्रॅकेट

चौथ्या रविवारी एकदाचा टीव्ही भिंतीवर गेला. मागच्या पोस्टमध्ये टीव्ही नेमका कुठं लावायचा यापाशी अडलो होतो, तिथूनच सांगतो.

जागा ठरवायला ५५ इंचाच्या मापाचा म्हणजे साधारण १२२ बाय ६९ सेंमीचा पेपर चिकटवून चार दिवस तसाच ठेवला. आई म्हणे, "अरे काहून एवढा खाली लावून रायला?" कारण जुना टीव्ही कपाटावर होता, मान वर करून पाहायची सवय. पण सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून १०५ सेंमीवर येतात, स्क्रीनचा मध्य तिथंच आसपास पाहिजे. चौथ्या दिवशी तीच म्हणाली की मान दुखत नाही, राहू दे. समोरची भिंत मुद्दाम सोडली, तिथं खिडकीतल्या कूलरची हवा सरळ येते, ओलाव्यासोबत आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याचे कण टीव्हीत जाणार, म्हणून बाजूची भिंत घेतली.

आता खरा विषय, भिंत. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या कोळशाच्या राखेमुळे आपल्याकडं नागपुरात नवीन बिल्डिंगात फ्लाय अ‍ॅशच्या म्हणजे त्याच राखेच्या विटा भरपूर आहेत, आमच्याकडंही त्याच. लाल विटेत ड्रिल केलं की लाल भुकटी आली म्हणजे वीट लागली, करडी आली म्हणजे प्लास्टर नाहीतर जोड, लगेच कळतं. इथं सगळंच करडं! मी पहिलं भोक पाडलं ते नेमकं दोन विटांच्या जोडात गेलं, गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) ठोकली, स्क्रू पिळला तर गिट्टीच फिरायला लागली. लई वाईट वाटलं, कारण मोजमापात दोन तास घातले होते. मग रंग सोडून हाताकडं लक्ष दिलं. जोडात ड्रिल भसकन आत जातं, विटेत एकसारखा दाब लागतो. एक जोड सापडला की पुढचे साधारण साडेआठ सेंमीवर, कारण वीट साडेसात सेंमीची अन् वर मसाला. तशा पेन्सिलीनं रेघा मारल्या, ब्रॅकेटची भिंतीवरची प्लेट ४ सेंमी वर सरकवली आणि चारही भोकं विटेच्या पोटात आली. जुनं भोक पुट्टीनं भरलं.

आधी ६ मिमीचा बिट, मग १० चा, दोन्ही वेळा ड्रिलचा हॅमर बंद ठेवून, नाहीतर भोक मोठं होतं. प्लास्टरच्या दीड सेंमीत पकड नसते म्हणून खोली ७५ मिमी, बिटला टेप लावून. भिंत चार इंचीच आहे, त्यामुळं यापेक्षा जास्त खोल नको. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली वायर असते, तो पट्टा पूर्ण टाळला. लोखंडी फास्टनर फुगून अशी वीट फोडू शकतो, म्हणून इतवारीत लोहाओळीतून नायलॉनच्या गिट्ट्या अन् ८ मिमीचे स्क्रू आणले.

एवढी काळजी काहून, तर ब्रॅकेट बाहेर ओढायचं आहे, आईला किचनमधून दिसावं म्हणून. टीव्ही १५ किलोचा, आर्म म्हणजे ब्रॅकेटचा हात ४० सेंमी बाहेर, प्लेटवरच्या वरच्या-खालच्या स्क्रूंत अंतर २० सेंमी, म्हणजे वरच्या दोन स्क्रूंवर मिळून ३० किलोची ओढ. तोच टीव्ही भिंतीला चिकटून ७ सेंमीवर असला की ५ किलोच्या आसपास. माझं मत स्पष्ट आहे, ओढायची गरज नसेल तर फिक्सच घ्या. मी टीव्हीच्या आधी आर्म पूर्ण बाहेर काढून २० लिटरची पाण्याची भरलेली कॅन दोरीनं रात्रभर टांगली, प्लेटभोवती पेन्सिलीची रेघ मारून. सकाळी रेघ जिथल्या तिथं. बाप्पा, काय बरं वाटलं!

टीव्हीच्या मागचे स्क्रू एम६, पण ब्रॅकेटसोबत तीन लांबीचे येतात आणि लांब स्क्रू आत पॅनलला लागू शकतो. खराट्याची काडी भोकात घालून खोली मोजली, त्यात ब्रॅकेटच्या पट्टीची जाडी धरून मधला घेतला.

टांगायला शेजारचे काकाजी आले, एकट्यानं करूच नका. लेव्हल एका बाजूनं थोडी उतरली होती, ब्रॅकेटच्या स्क्रूनं सरळ झाली.

उरलंय ते वायरचं. आर्म पूर्ण ओढला की एचडीएमआय केबल ताणली जाते, दोन मीटरची आणायची आहे, मग वायर झाकायची केसिंग पट्टी. कोणी आर्मच्या आतून वायर नेली असेल तर वळणापाशी किती ढील ठेवली ते सांगा.