जेल तिरका बसतोय, दादा

"मशीन हलतंय" हा सेंट्रिफ्यूजवाल्यांचा ठरलेला फोन. सेंट्रिफ्यूज म्हणजे रक्ताच्या ट्यूबा गरगर फिरवून सीरम आणि गुठळी वेगळं करणारं लॅबचं मशीन, मी ती दुरुस्त करतो. असा फोन आला की मी गाडीला किक मारायच्या आधीच निकाल लावून टाकतो, की कुणीतरी समोरासमोर सारख्या वजनाच्या ट्यूबा ठेवायला विसरलंय. पेठेतल्या एका लॅबमधून सोमवारी असाच फोन. सकाळी फास्टिंगवाल्यांची गर्दी असते तेव्हाच नेमकं मशीन इम्बॅलन्स दाखवून बंद पडतं आणि दुपारी मात्र गरीब गाय. सिंहगड रोडवरून पोचेपर्यंत मला साडेअकरा झाले, म्हणजे गाय.

चार बकेटचं, म्हणजे ट्यूबा ठेवायच्या चार भांड्यांचं, स्विंग-आउट मशीन (फिरताना बकेट झुलून बाहेर वळतात), ब्रशलेस मोटर, त्यामुळे कार्बनची कटकट नाही. लेव्हल बघितली, ओट्यावरचे पाय बघितले, खालचे रबरी डॅम्पर दाबून बघितले, रोटरचा नट, शाफ्टचा प्ले, हादरा बसला की मशीन बंद करणारा इम्बॅलन्सचा मायक्रोस्विच, सगळं नीट. मग समोरासमोरच्या दोन बकेटात पाणी भरलेल्या ट्यूबा ठेवून 2500 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) दहा मिनिटं फिरवलं. आवाज इतका गोड की शेजारी बसून डुलकी काढावी.

तेवढ्यात तिथल्या ताई एक ट्यूब घेऊन आल्या. वीस वर्षं तिथेच आहेत, फार बोलत नाहीत. "दादा, हे बघा, जेल तिरका बसतोय." वर सीरम, खाली गुठळी आणि मधला, दोघांना वेगळं ठेवणारा जेलचा थर एका बाजूने काचेवर चढलेला. मी ट्यूब उजेडाकडे धरली, दोनदा फिरवली आणि वर तोंड करून म्हणालो की ट्यूबची बॅच खराब असेल, नाहीतर रक्त गोठायला अर्धा तास न देता तुम्ही घाईत फिरवत असाल. त्या काही बोलल्या नाहीत, ट्यूब परत घेऊन गेल्या. रिपोर्टवर मी लिहिलं : मशीन ओके, लोड बॅलन्स केलेला नाही, युजर एरर. अजून तीन कॉल बाकी होते ना.

गुरुवारी डॉक्टरांचा फोन. "तुमच्या रिपोर्टवरून मी त्यांना झापलं, आता त्या काट्यावर तोलून ट्यूबा ठेवतायत, तरी तेच." या वेळी साडेसातलाच जाऊन बसलो. ताई खरंच तोलत होत्या, सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर, आणि जोड्या माझ्याकडे न बघता लावत होत्या. चारही बकेट भरली, झाकण लागलं, 1800 च्या पुढे गेलं आणि गुरगुर, धडधड, ठप्प.

मग मी ते केलं जे सोमवारी पहिल्या दोन मिनिटांत करायला हवं होतं. रोटरवरच्या एकेका बकेटला बोटाने टिचकी मारली. पहिली तीन झोपाळ्यासारखी हलली. चौथं पाऊण वाटेत जाऊन तसंच राहिलं, हवेत, वाकडं.

बकेट ज्या पिनांवर झुलतं त्यांना ग्रीस लागतं आणि फिरताना ते पूर्ण आडवं व्हायलाच हवं. 17 सेंटिमीटर त्रिज्या, 2500 आरपीएम म्हणजे जवळपास 1190 जी, गुरुत्वाकर्षणाच्या तेवढे पट. भरलेलं बकेट 300 ग्रॅमचं धरलं तर त्या पिनांवर साडेतीनशे किलोचा ओढा. एक बकेट अर्धवट अडकलं की त्याचं वजन समोरच्यापेक्षा आत राहतं, मग ट्यूबा सोन्यासारख्या तोला, उपयोग शून्य. माझ्या टेस्टमध्ये नेमकं तेच रिकामं होतं म्हणून फरक स्विचपर्यंत पोचलाच नाही. आणि जेल बाहेरच्या ओढ्याला काटकोनात बसतो, सरळ बकेटात सरळ, अडकलेल्यात तिरका. ताईंनी मला फॉल्ट हातात आणून दिला होता, मी उजेडात धरून परत केला.

बकेट काढलं तर पिन बसते त्या खाचेत पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे. त्यात मागे ट्यूब फुटली होती, तेव्हा नवीन पोराने ते रात्रभर हायपोत, म्हणजे जंतू मारायच्या ब्लीचच्या पाण्यात, बुडवून ठेवलं होतं. कोविडपासून लोक जमलं तर पेशंटलाही हायपोत बुडवतील. ॲल्युमिनियमला तो खातो, सौम्य साबण लावून धुवा, कोरडं करा, ग्रीस लावा, एवढंच मॅन्युअलमध्ये लिहिलंय. पण मॅन्युअल कपाटात, कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे.

खड्डे पडलेलं बकेट घासून परत लावणं माझ्या जिवावर येतं, साडेतीनशे किलोला तिथूनच तडा जायचा. शिवाय बकेट समोरासमोरच्या जोडीत वजनाने जुळवलेली असतात, त्यामुळे जोडीच घ्यायची. डॉक्टर म्हणाले, "एकच द्या ना, तीन तर चांगली आहेत." पुण्यात हे वाक्य ऐकल्याशिवाय स्पेअर विकला जात नाही. शनिवारी जोडी आली, पिनांना ग्रीस लावलं, चारही भरून फिरवलं, जेल सपाट.

माझ्या चेकलिस्टमध्ये "बकेट व पिना तपासल्या" असा रकाना आहे. सोमवारच्या कागदावर त्यात माझ्याच हाताची बरोबरची खूण आहे.

नवीन रिपोर्टवर मी बकेटचा दोष लिहिला आणि खाली, युजरची चूक नाही, आधीची नोंद रद्द. डॉक्टरांनी न वाचताच सही केली. ताईंनी मात्र पूर्ण वाचला, मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाल्या, "तो आधीचा कागद माझ्या फाईलला लावलाय डॉक्टरांनी. हा लावतील का, काही सांगता येत नाही."