शकुंतलेचे रूळ लिनोवर कोरताना

आमच्या गावाचा बाजार, दवाखाना, कॉलेज सगळे अचलपुरात. त्यामुळे कधीकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी असलेल्या त्या शहराच्या जुन्या भागाची हाताने छापलेली चित्रे करावीत, असे मागच्या उन्हाळ्यात मी मनावर घेतले. दुल्हा दरवाजा, कापसाने भरलेली बैलबंडी आणि शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीचे स्थानक अशी तीन चित्रे ठरवली.

दरवाजा लवकर जमला. लिनोवर, म्हणजे कोरून छापण्यासाठीच्या मऊ तक्त्यावर, जे कोरून काढतो ते पांढरे राहते आणि जे राखतो त्याला शाई लागते. त्यामुळे दगडांचे सांधे बारीक रेषांनी कोरले की भिंत आपोआप उभी राहते.

स्थानकाने मात्र घाम काढला. मूर्तिजापूर ते अचलपूर हा ७६ किलोमीटरचा लोहमार्ग मुळात वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेला, आणि १९९४ मध्ये वाफेचे इंजिन जाऊन डिझेल आले तरी लोकांच्या तोंडी ती शकुंतलाच राहिली. मी कच्चे चित्र त्या गाडीने वर्षानुवर्षे प्रवास केलेल्या शेजारच्या आजोबांना दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, रुळांवर बोट ठेवले आणि म्हणाले, "पोरी, हे तं मोठ्या गाडीचे रूळ झाले. आपल्या शकुंतलेचे एवढे रुंद कुठी होते?" त्यांचे बरोबर होते. मोठ्या गाडीच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असते, शकुंतलेच्या रुळांत अवघे ७६२. रूळ अर्ध्याहून अरुंद केल्यावर फलाट, डबा, दाराशी उभा माणूस, सगळ्यांचीच मापे बदलली, आणि मी संपूर्ण चित्र नव्याने काढले. ज्यांनी ती गाडी पाहिली आहे, त्यांच्यासमोर खोटे चित्र ठेवणे मला पटणारे नव्हते.

नव्या लिनोवर फलकावरचे 'अचलपूर' सुलट कोरले गेले आणि छाप उलटा आला, म्हणून तो ठोकळाही बाद झाला. पुढे ट्रेसिंग पेपर पालथा घालून अक्षरे उतरवली. मे महिन्यात पाण्याची शाई रोलरवरच वाळायची. त्यामुळे पहाटे पाचला उठून, कागदावर वरणाच्या डावाची पाठ दाबून घासत, ऊन चढायच्या आत चार-पाच छाप काढायचे, असा क्रम बसला. तीस प्रती काढायला आठवडा लागला.

पहिल्या प्रतीवर पेन्सिलीने १/३० लिहून मी ती आजोबांना दिली. त्यांनी पुन्हा रुळांवरच बोट ठेवले, आणि या वेळी ते काही बोलले नाहीत.